रात्रीचा नकाशा

प्राणिसंग्रहालयात पर्यटकांसाठी मुक्कामाच्या खोल्या बांधायचं ठरलं, की वास्तुकाराकडे आधी चौकशी होते ती सौरपट्ट्यांची, पावसाचं पाणी साठवण्याच्या टाकीची, बांबूच्या छपरांची आणि मातीच्या भिंतींची. हे सगळं हवंच. तरीही एवढं करून उभी राहिलेली इमारत त्या जागेला जड जाऊ शकते, कारण तिथे सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे ती रात्र. दिवसभर माणसांच्या नजरा, आरडाओरडा आणि मोबाइल सोसलेल्या प्राण्याला फाटक बंद झाल्यावर काही तास मिळतात, आणि नेमक्या त्याच तासांत आपण पाहुणे उतरवणार असतो. म्हणून अशा निवासाचा टिकाऊपणा जोखताना मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की ही इमारत तिथला किती अंधार आणि किती शांतता वापरून टाकणार आहे.

आपल्याकडच्या नियमांमागे हा विचार आहेच. भारतात मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावं लागतं, आणि कर्मचाऱ्यांची वसाहतसुद्धा मुख्य आवारापासून भिंतीने वेगळी ठेवायची असते. रोज त्या प्राण्यांना खाऊ घालणाऱ्यांची घरं जिथे नकोत, तिथे अनोळखी पाहुण्यांची खोली वाघाच्या आवाराला खेटून कशी चालेल? दुसरी गोष्ट, आपल्याकडे मोठ्या मांसभक्षकांना साधारणपणे संध्याकाळी खाणं देऊन रात्रनिवाऱ्यात घेतात. त्यामुळे उघड्या आवाराकडे तोंड केलेली महागडी खिडकी रात्री रिकामं गवत दाखवते. पाहुण्याने तर वाघासाठी पैसे मोजलेले असतात. मग हळूहळू मागणी सुरू होते: अजून तासभर बाहेर राहू द्या, थोडा प्रकाश टाका, मांस खिडकीजवळ ठेवा. खिडकीची दिशा ठरवताना आपण फक्त नकाशावर एक रेघ ओढतोय असं वाटतं, पण ती रेघ प्राण्याचं वेळापत्रक बदलते.

पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी बांधण्याची किंमत वास्तुकलेच्या इतिहासात स्वच्छ लिहिलेली आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला १९३४ चा पेंग्विन तलाव वास्तुकार ल्युबेटकिनच्या टेक्टन गटाने आखला आणि अभियंता ओव्ह अरुपने त्याची संरचना सोडवली. एकमेकांभोवती वळत उतरणारे त्याचे पातळ काँक्रीटचे उतार आजही संरक्षित वारसा आहेत आणि आम्हा वास्तुकार मंडळींच्या पाठ्यपुस्तकांत त्यांची छायाचित्रं असतात. पेंग्विनांना मात्र २००४ मध्ये तिथून हलवावं लागलं, कठीण पृष्ठभागावर चालून त्यांच्या पायांना त्रास होत होता. त्या इमारतीवर माझं प्रेम आहे, म्हणूनच ती उदाहरण म्हणून पुढे ठेवतो. सौंदर्य खरं होतं, संरचनेची बुद्धिमत्ता खरी होती, पण हिशेब रहिवाशाऐवजी पाहणाऱ्याच्या बाजूने मांडलेला होता. त्याच आवारात २०१६ मध्ये गीरच्या सिंहांचा नवा विभाग उघडला आणि त्याच्यालगत मुक्कामाच्या अवघ्या नऊ खोल्या केल्या. गीरमधल्या सासण गावाची आठवण देणाऱ्या तिथल्या देखाव्याबद्दल मला फारसं ममत्व नाही, तो नाटकाचा नेपथ्यविभाग झाला. नऊ हा आकडा मात्र मला पटतो. सिडनीच्या तारोंगा प्राणिसंग्रहालयात २०१९ पासून ६२ खोल्या आहेत. सिंगापूरच्या मंडाई वन्यजीव परिसरात २०२५ मध्ये ३३८ खोल्यांचा निवास उघडला. त्याची इमारत जमिनीपासून उचलून धरली आहे, म्हणजे खालून वन्यजीवांची ये-जा चालू राहावी. हे उचलणं शिकण्यासारखं आहे. पण खोल्या तीनशेच्या वर गेल्या, की धुलाई, भाजीपाल्याचे ट्रक, पाळ्या बदलणारे कामगार हे सगळं रोज मागच्या दाराने येतं, आणि खांबांवर तोललेली इमारत रस्त्यावरची चाकं उचलू शकत नाही.

म्हणून दिवसाच्या नकाशाबरोबर रात्रीचाही नकाशा काढावा, असा माझा आग्रह असतो. कोणता प्राणी कुठे झोपतो, कोण कुठे जागा असतो, वटवाघळं कोणत्या झाडांच्या रांगेने जातात, यंत्रांचा आवाज कुठवर पोचतो, हे आधी कागदावर यावं आणि उरलेल्या जागेत खोल्या बसवाव्यात. अनेकदा जागा उरतच नाही, तेव्हा फाटकाजवळची जुनी कार्यालयं दुरुस्त करून त्यांत खोल्या करणं सर्वांत शहाणपणाचं. पायवाटेचे दिवे गुडघ्याखाली, तोंड जमिनीकडे, पिवळसर आणि मंद असावेत. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे कीटक जास्त ओढले जातात. खोलीला दुहेरी दार आणि जाड पडदा असावा. काचेचा मोह आवरावा. तिच्यात झाडांचं प्रतिबिंब दिसतं आणि पक्षी सरळ येऊन आदळतात. एकट्या अमेरिकेत इमारतींवर आदळून वर्षाला किमान ३६ कोटी पक्षी मरतात असा २०१४ चा अंदाज आहे. काच लावायचीच तर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके द्यावेत. त्यापेक्षा खोल छज्जा, लाकडी झडपा आणि पुढे रुंद ओसरी बरी, उन्हालाही आणि पाखरांनाही.

आवाजाच्या बाबतीत माणसाच्या कानावर विसंबता येत नाही. हत्ती आपल्याला ऐकू न येणारे खालचे स्वर ऐकतात आणि मांजरकुळातले प्राणी आपल्याला न कळणारे वरचे. विद्युत उपकरणांतून निघणारी बारीक शीळ आपल्याला शांतता वाटते, बिबट्याला ती तशी वाटेलच असं नाही. म्हणून वातानुकूलनाची यंत्रं टाळावीत म्हटलं, की हमखास आक्षेप येतो तो नागपूरचा. तिथल्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयासारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, तिथे निव्वळ जाड भिंतींच्या भरवशावर पाहुणा झोपेल कसा? आक्षेप रास्त आहे. माझं उत्तर असं, की थंडावा द्यावा, पण त्याची यंत्रं एका ठिकाणी, प्राण्यांपासून दूरच्या बाजूला, भिंतीआड बसवावीत, आणि ऐन उन्हाळ्यात खोल्या बंद ठेवण्याची तयारी असावी. त्या दिवसांत प्राण्यांवरही ताण असतोच.

रोगाचा धोका मोठा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात आठ सिंहांना करोनाची लागण झाल्याचं आढळलं. माणसाकडून प्राण्याकडे जाणारी वाट खरी आहे. मुक्कामी स्वयंपाकघर आलं की उंदीर येतात, उंदरांमागे भटकी मांजरं, आणि मांजरांबरोबर मोठ्या मांजरांना होऊ शकणारे आजार. म्हणून खरकट्याची खोली बंदिस्त हवी, सांडपाणी प्राण्यांच्या पाण्यापासून पूर्ण वेगळं हवं. पर्यावरणपूरक म्हणून गौरवला जाणारा कंपोस्टचा उघडा खड्डा इथे सरळ नाकारावा.

पैशाचा मुद्दा मी हलका मानत नाही. तिकिटांवर पशुवैद्यकीय दवाखाना चालत नाही, आणि मुक्कामाच्या उत्पन्नातून संवर्धनाला हातभार लागत असेल तर ते चांगलंच. पण उत्पन्न एकदा अंगवळणी पडलं, की खोल्या वाढवण्याचा आणि वेळा लांबवण्याचा दबाव येतो, आणि तो भिंतींनी थोपवता येत नाही. तिथे करारनामा लागतो, आणि तो आराखड्याचाच भाग समजावा. खोल्यांची कमाल संख्या, दिवे मंद होण्याची वेळ, पिल्लं झाल्यावर कोणती बाजू किती आठवडे रिकामी ठेवायची, हे त्यात असावं. झडपा बंद करण्याचा आदेश निवासाच्या व्यवस्थापकाने द्यायचा नाही. तो पशुवैद्य आणि प्राणिरक्षक देतील, आणि भाडं भरलेलं असलं तरी पाहुण्याला तो पाळावा लागेल, हेही आरक्षण करतानाच लिहून द्यावं.