कांचेच्या पेटींतील समुद्र

ज्याच्या दारापासून समुद्र हांकेच्या अंतरावर आहे, त्या मनुष्यानें घरांत पुन्हा समुद्र आणण्याचा खटाटोप कां करावा, हा प्रश्न आमच्या घरच्या मंडळींनीं मला प्रथमच विचारला, व त्याचें समाधानकारक उत्तर त्या वेळीं मला देतां आलें नाहीं. रत्नागिरीस आमच्या चार पिढ्या गेल्या. समुद्र रोज पाहिला. परंतु पाहिला तो वरून. त्याच्या पोटांत काय चाललें आहे हा विचार काव्यांतील 'रत्नाकर' ह्या शब्दापलीकडे कधीं गेला नव्हता. तो विचार सुरू होण्यास कारण झाला आमचा दहा वर्षांचा नातू, आणि निमित्त झालें मालवणची सहल.

गेल्या दिवाळींत आम्ही सहकुटुंब मालवणास गेलों होतों. शिवाजीमहाराजांनीं १६६४ मध्यें ज्याचा पाया घातला, तो सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाल्यावर नावाड्यानें होडी तटापासून थोडी दूर नेली, आणि डोळ्यांवर लावावयाचा कांचेचा मुखवटा आमच्या हातीं दिला. होडीच्या कडेस धरून मीं पाण्यांत तोंड बुडविलें मात्र, आणि साठ वर्षें जो समुद्र मला ठाऊक आहे असें मी समजत होतों, तो मला मुळींच ठाऊक नव्हता हें कळून आलें. खालीं खडकांवर तपकिरी, हिरवट, पिंवळट असे घुमट व पापुद्रे पसरले होते, व त्यांच्या फटींतून पट्टेदार मासे ये-जा करीत होते. हेंच प्रवाळ.

अमरकोशांत विद्रुम व प्रवाल हे पर्यायशब्द आहेत, आणि प्रवाल शब्दाचा दुसरा अर्थ कोंवळा अंकुर असा आहे. युरोपांतील पंडितही अठराव्या शतकापर्यंत प्रवाळास वनस्पतीच मानीत. वस्तुतः ती हजारों सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. प्रत्येक प्राणी आपल्या बुडाशीं चुन्याचें घर बांधतो. त्याच्या शरीरांत त्याहून सूक्ष्म अशीं एकपेशीय शेवाळें राहतात. तीं सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात व त्यांतील मोठा वांटा यजमानास देतात. प्रवाळाचा रंग हा पुष्कळ अंशीं ह्या पाहुण्यांचाच रंग होय. पाणी प्रमाणाबाहेर तापलें म्हणजे हें सहजीवन मोडतें, शेवाळें बाहेर पडतात, आणि प्रवाळ पांढरें पडतें. तें लवकर सांवरलें नाहीं तर उपाशीं मरतें. १९९८, २०१० व २०१६ ह्या सालीं हिंदी महासागरांत असें फार मोठ्या प्रमाणावर घडलें.

नातवानें पाण्यांतून तोंड काढलें व तत्काळ हट्ट धरला, "आजोबा, ह्यांतला एक तुकडा घरीं नेऊं या." मी कांहीं बोलण्यापूर्वींच नावाडी म्हणाला, "गुरुजी, तेका हात लावू नकात. तां जिवंत आसा." त्याचें म्हणणें कायद्यासही धरून होतें. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि खडक बांधणारीं सर्व प्रवाळें वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत आहेत. म्हणजे वाघास जें संरक्षण तेंच त्यांस. मुलाचा चेहरा उतरला. त्याची समजूत घालण्याकरितां मीं वचन देऊन टाकलें कीं, प्रवाळ नाहीं, परंतु त्याचे भाऊबंद आपल्या रत्नागिरीच्या कातळांवर आहेत. त्यांच्यासाठीं आपण घरीं लहानसा समुद्र करूं.

वचन देणें सोपें होतें. गांवांतल्या कांचवाल्याकडून पांच तुकडे कापून आणले, ते सिलिकोननें सांधले, आणि ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद व २५ उंच अशी पेटी तयार केली. सांधे दोन दिवस वाळूं दिले. २० सेंटिमीटरपर्यंत भरली म्हणजे तींत बारा लिटर पाणी मावे. समुद्राच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आमच्या समुद्रांत ४२० ग्रॅम क्षार झाले. हा हिशेब नातवाकडून पाटीवर करवून घेतला. पेटी माजघरांत ठेवण्यास घरांतून साफ नकार मिळाल्यामुळें तिची स्थापना पडवींत झाली.

कार्तिकी पौर्णिमेस आम्ही रत्नदुर्गाच्या पायथ्याशीं गेलों. अमावास्या-पौर्णिमेस उधाण असतें. आमच्या किनाऱ्यावर त्या दिवशीं मध्यान्हाच्या सुमारास भरती व सांजसकाळीं मोठी ओहोटी लागते, आणि एरव्हीं न दिसणारे कातळ उघडे पडतात. कालवांच्या कवचांनीं पाय कापूं नयेत म्हणून जोडे घालूनच चालावें लागतें. कातळांतील डबक्यांत पाहावें तों प्रत्येक डबकें म्हणजे एक नांदतें घर! कोठें समुद्रपुष्प आपले बाहु पसरून बसलें आहे, कोठें परक्या शंखांत बिऱ्हाड थाटलेला खेकडा लगबगीनें चालला आहे. त्या दिवशीं आम्हीं प्राणी आणले नाहींत. प्लॅस्टिकच्या डब्यांत पाणी व मुठीएवढे सच्छिद्र दगड तेवढे आणले.

ह्याचें कारण असें: प्राण्यांच्या मलमूत्रापासून पाण्यांत अमोनिया हें विष उत्पन्न होतें. दगडांच्या छिद्रांत वाढणारे एक प्रकारचे जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचें बऱ्याच अंशीं निरुपद्रवी असें नायट्रेट करतात. ह्या अदृश्य सेवकवर्गाची पुरेशी वाढ होण्यास पांच-सहा आठवडे लागतात. तोंवर पेटींत नुसतें पाणी व दगड पाहत बसावयाचें. हवा खेळविण्यास लहानसा पंप बसविला होता. १८४६ मध्यें अ‍ॅना थिन नांवाच्या इंग्रज बाईनें समुद्रकांठचीं प्रवाळें लंडनच्या आपल्या घरीं नेऊन जगविलीं, तेव्हां असा पंप कोठला? तिची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास खिडकीशीं उभी राहून तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओती.

मार्गशीर्षी अमावास्येस एक समुद्रपुष्प, तीन शंखवासी खेकडे व चार गोगलगाई आल्या. समुद्रपुष्पास आठवड्यास एकदां तांदुळाएवढा कोळंबीचा तुकडा लागे. ब्राह्मणाच्या घरांत कोळंबी हा शब्द उच्चारतांच जें व्हावयाचें तें झालें. शेवटीं शेजारच्या बाईंनीं तो तुकडा अंगणाच्या गडग्यावरून परस्पर नातवाच्या चिमट्यांत देण्याचें कबूल केलें. पहिल्या दिवशीं तें फूल बाहु मिटून घांस गिळतांना पाहण्यास मात्र सोंवळ्यांतली आजीही पडवींत आली होती.

पंधरा दिवसांनीं अडीच लिटर पाणी बदलावयाचें होतें. येथें माझ्या हातून जी चूक झाली ती मीं लपविणार नाहीं. प्लॅस्टिकच्या डब्याविषयीं माझ्या मनांत पहिल्यापासून अढी होती. मीं माळ्यावरची तांब्याची घागर काढली, चिंचेनें लखलखीत घांसली, तींत समुद्राचें पाणी आणलें व गाळ बसावा म्हणून रात्रभर तसेंच ठेवलें. नातू म्हणाला, "आजोबा, डबा आहे ना आपला?" मीं त्यास तांब्याच्या पावित्र्यावर व जंतुनाशक गुणावर एक लहानसें व्याख्यान दिलें. तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशीं पाणी घातलें. संध्याकाळपर्यंत गोगलगाई कांचेवरून गळून पडल्या. समुद्रपुष्प मिटलें तें उघडलें नाहीं. एक खेकडा आपला शंख सोडून उघडाच वाळूवर पडला. तीन दिवसांत सर्व संपलें.

झाडगांव येथें कोंकण कृषि विद्यापीठाचें सागरी संशोधन केंद्र व मत्स्यालय आहे. तेथें जाऊन विचारलें तेव्हां माझें कथन पुरें होण्यापूर्वींच प्रश्न आला, "पाणी कशांत आणलें होतें?" खाऱ्या पाण्यांत तांबें विरघळतें, आणि पाण्याच्या दहा लाख भागांत एक भागाहूनही पुष्कळ कमी तांबें ह्या जीवांस मारक ठरतें. ज्या गुणामुळें तें जंतुनाशक, त्याच गुणामुळें तें गोगलगाईचें विष. विशेष हें कीं, खेकड्याच्या रक्तांत स्वभावतःच तांबें असतें. त्याच्यावांचून तो जगूं शकत नाहीं, आणि किंचित् अधिक झालें तर मरतो. दगडांतही तें शिरलें असणार, तेव्हां दगडही निरुपयोगी.

घरीं येऊन मीं नातवास सांगितलें, "तुझें बरोबर होतें. माझ्या हट्टानें ते मेले." चाळीस वर्षें शाळेंत शिकविलें, परंतु हें वाक्य उच्चारण्याचा प्रसंग विद्यार्थ्यांसमोर मीं फार थोडा येऊं दिला होता. मुलगा थोडा वेळ पेटीकडे पाहत राहिला व म्हणाला, "आतां पुन्हा आणावयाचे असले तर थोडे आणूं."

त्याचें तें 'थोडे' माझ्या मनांत राहिलें. फिलिप हेन्री गॉस ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाच्या १८५४ सालच्या पुस्तकानें घरोघरीं समुद्रपेट्या ठेवण्याचें वेड पसरलें. १९०७ मध्यें त्याच्याच पुत्रानें, एडमंड गॉसनें, आठवणी लिहितांना ह्याबद्दल खंत व्यक्त केली आहे: वडिलांनीं जीं डबकीं प्रेमानें वर्णिलीं, तीं त्यांच्याच वाचकांनीं ओरबाडून ओसाड केलीं. सौंदर्याची ओळख करून देणारा मनुष्य नकळत त्याच्या नाशास कारण होऊं शकतो.

माघी पौर्णिमेस नवे दगड आणले, पेटी पुनः धुऊन लावली, आणि फाल्गुनी अमावास्येस एक समुद्रपुष्प, एक खेकडा व दोन गोगलगाई एवढेच पाहुणे आले. पाण्याची पातळी दाखविणारी रेघ कांचेवर ओढली. उन्हाळ्यांत पाणी आटतें, क्षार मात्र मागें राहतात; बारांतील दोन लिटर उडून गेलें तर ३५ ग्रॅमांचे ४२ होतात. म्हणून तूट भरून काढावयाची ती समुद्राच्या नव्हे, गोड्या शुद्ध पाण्यानें. हें काम नातवाचें. रोज सकाळीं दांत घांसण्यापूर्वीं तो रेघ पाही.

वैशाखांत पडवी तापूं लागली. ओल्या फडक्यांनीं व पंख्यानें चार दिवस निभावलें; परंतु दुपारीं समुद्रपुष्प आकसलेलें दिसूं लागलें. मालवणचीं पांढरीं पडणारीं प्रवाळें कशीं दिसत असतील ह्याची कल्पना मला तेव्हां आली. मोठा समुद्र सावकाश तापतो, लहान एका दुपारींत. पौर्णिमेच्या ओहोटीस आम्ही प्लॅस्टिकच्याच डब्यांतून सर्वांस त्यांच्या डबक्याशीं नेलें. डब्यांत तेथलें पाणी थोडें थोडें मिसळून त्यांस संवय करून दिली, आणि मग सोडलें. खेकडा मागें न पाहतां कपारींत गेला. समुद्रपुष्पानें खडक धरण्यास बराच वेळ घेतला; आम्ही भरतीचें पाणी घोट्यास लागेपर्यंत उभे होतों.

पेटी आतां रिकामी, उपडी ठेवली आहे. पावसाळा संपल्यावर ती पुनः भरावयाची आहे. घागर माळ्यावर परत गेली. तिच्या गळ्यास नातवानें सुतळीनें एक चिठ्ठी बांधली आहे. तीवर मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे: "फक्त माणसांसाठीं."