धुरावरची सागुती

आमच्या माणदेशात मटणाला सागुती म्हणतात. सागुती ही एका दिवसाची चीज. सकाळी बकरं पडलं की रात्रीपर्यंत ते भावकीत वाटून, पाव्हण्यांना वाढून संपवायचं. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्याला वास सुटतो. त्यामुळं जत्रेच्या दिवशी गाव दाबून जेवायचं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कोरड्यास म्हणून हुलग्याचं माडगं नाहीतर चटणी.

पण काही घरांत एखादी मांडी मागं ठेवायची रीत होती. आमच्या घरात ती रीत आज्जीच्या हातची. मीठ, हळद आणि चुलीचा धूर एवढ्यावर ती चैत्रातली सागुती आखाडापर्यंत टिकवायची. ही काही आमच्या एकट्याच्या घरची विद्या नव्हे. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत मांसाच्या पट्ट्या वाळवून ठेवतात, त्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात असल्या खाण्याबद्दल बरंच वाचायला मिळतं. ज्याच्या घरी रोज मटण नाही आणि आलं तर एकदम येतं, त्याला ते टिकवायची अक्कल शिकावीच लागते.

आज्जीची पद्धत सांगतो. मांडीचं मांस हाडापासून सोडवायचं. हाडं त्याच दिवशी रश्शात जायची, कारण हाडाजवळचं मांस सगळ्यात आधी बिघडतं. चरबीही काढून टाकायची. चरबी सुकत नाही, ती खवट होते. राहिलेल्या लाल मांसाच्या बोटभर जाडीच्या, वीतभर लांब पट्ट्या कापायच्या. मग लाकडी काथवटीत पट्ट्यांचा एक थर, वर जाडं मीठ आणि हळद, परत थर, परत मीठ. वर पाटा पालथा घालायचा. रातभरात मांस पाणी सोडतं. ते पाणी सकाळी ओतून द्यायचं. पितळीत हे काम करायचं नाही, मिठानं भांडं कळकतं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या दोरीवर घालून, वर पातळ धडपा टाकून ऊन दाखवायचं. एक पोर काठी घेऊन राखणीला. कावळा, घार, मांजर, सगळ्यांचा डोळा तिकडंच. संध्याकाळी सगळ्या पट्ट्या तारेत ओवून चुलीच्या वर, आढ्याला टांगायच्या. आमचं घर धाब्याचं. धूर जायला धाब्याला एक भोक ठेवलेलं, पावसात त्यावर फुटकं गाडगं पालथं घालायचं. चुलीचा धूर वर जाऊन तिथं घुटमळायचा आणि मग त्या भोकातून बाहेर पडायचा. पट्ट्या बरोबर त्या वाटेत. खाली आणल्या तर मांस शिजतं, फार बाजूला नेल्या तर धूर लागत नाही.

पहिले आठ दिवस चूल विझू द्यायची नाही. रात्री सुद्धा बाभळीचं एखादं खोड आणि दोन गोवऱ्या राखेत धुमसत ठेवायच्या. बाभूळ सगळ्यात चांगली. पऱ्हाट्या भडकून जळतात, त्यांचा धूर टिकत नाही. लिंबाचं लाकूड आज्जी घेऊ द्यायची नाही, म्हणायची, "सागुती कडू व्हती." आठ दिवसांनी पट्टी वाकवून बघायची. वरून काळपट, आत गर्द लाल, वाकवली की दोरासारखे तंतू दिसावेत आणि हाताला ओल लागू नये. मग काळजी मिटली. त्यानंतर रोजच्या सैपाकाचा धूर तिला पुरेसा. अडीच किलोच्या मांडीचं पाऊण किलोही उरत नसे. पण ते पाऊण किलो आमच्या घरचं सोनं असायचं.

त्या सोन्याची किंमत 1973 साली कळली. 72 चा दुष्काळ लोक 72 चा म्हणतात, पण त्याची खरी कळ 73 च्या उन्हाळ्यात लागली. मी तेव्हा तेरा वर्षांचा. विहिरींचा तळ दिसत होता. आई आणि चुलती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. कामावर आणि शाळेत सुकडी मिळायची. रेशनला मिलो यायचा, अमेरिकेतून आलेला लाल दाणा. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. वैरण नव्हती म्हणून लोकांनी जनावरं छावणीत नेली, नाहीतर मिळेल त्या भावानं विकली. आमच्याकडं म्हसोबाच्या नवसाचं एक बकरं तेवढं राहिलं होतं. आज्जा म्हणाला, "देवाचं देवाला देऊन टाकू. चारा न्हाई, मरंल तर पाप लागंल." चैत्रातल्या जत्रेला बकरं पडलं. दुष्काळामुळं पाव्हणे कमीच आले. आज्जीनं मागची एक मांडी झाकून आत नेली. चुलता कुरकुरला, "पोरं उपाशी हायती आन् तू टांगून ठिवतीस?" आज्जी म्हणाली, "आज खाल्ली तर आजच सरंल. आक्कीचं लगीन हाय."

आक्की म्हणजे माझी धाकटी आत्या. वैशाखात तिचं लग्न झालं, पाच-पन्नास माणसांत. आमच्याकडं नव्या नवरीनं पहिला आखाड माहेरात काढायचा असतो. तेव्हा आखाडात आत्या येणार, आणि तिला न्यायला सासरची माणसं येणार, हे आज्जीनं चैत्रातच धरलं होतं. इवायासमोर ताट कशाचं ठेवायचं, हाच तिचा घोर. लग्नात मानपान झाला नव्हता. सासरकडच्या कुणीतरी "कोरड्या घरची पोर" असं बोललेलं तिच्या कानावर आलं होतं. दुष्काळ सगळ्यांच्याच घरी होता, पण पोरीच्या आईला तो जास्त लागतो.

आखाडात पाऊस लागला आणि आत्याचा सासरा, दीर आणि एक म्हातारा चुलता असे तिघं चिखल तुडवत आले. आज्जीनं आढ्यावरची तार सोडली. पट्ट्या काळ्या, चामड्यासारख्या. पहिल्यांदा कोमट पाण्यात दोन तास भिजवल्या, काजळी आणि जादा मीठ निघून गेलं. ते पाणी ओतलं. मग वरवंट्यानं हलकं ठेचून कांदा-लसणाबरोबर मडक्यात मंद शिजत ठेवलं. निम्म्याचा तीळ आणि खोबऱ्याचं एवढंसं वाटण लावून रस्सा केला. निम्म्या पट्ट्या निखाऱ्यावर धरायला काढल्या.

आणि इथं कराडकडच्या मामानं दिलेली काकवी बाहेर आली. कृष्णाकाठच्या गुऱ्हाळातली, बाटलीत तळाला राहिलेली. त्यात आज्जीनं ठेचलेला लसूण आणि चटणी कालवली आणि कापडाच्या बोळ्यानं पट्ट्यांना फासली. अगदी शेवटी, विस्तवावरून काढायच्या आधी. काकवी आधी लावली तर गूळ करपतो आणि सगळं कडू होतं. शेवटी लावली की चर्र वाजून ती फेसाळते, मग आवळून येते आणि मांसावर तुकतुकीत लाल थर बसतो. आत खारट, मधे धूर, वर गोड-तिखट.

तिघं जेवायला बसले. भाकरी मिलोचीच होती, दुसरं पीठ नव्हतं. इवायानं एक पट्टी तोंडात घातली आणि चावायचं थांबून विचारलं, "ह्या दिसांत सागुती कुठनं आणली?"

आज्जी दाराआडून बोलली, "आणली न्हाई. ठिवल्याली हाय."

एवढंच. पण त्या "ठिवल्याली"त काय होतं ते आम्हाला सगळ्यांना कळलं. आमच्या घरात काही नाही असं नव्हतं, आमच्या घरात ठेवायची माणसं होती. जाताना इवायानं आज्ज्याच्या पाया पडून, "पोरगी चांगल्या घरची हाय," असं म्हटलं. आत्याला त्या घरात नंतर कुणी उणा शब्द बोललं नाही, असं ती आजही सांगते.

मांडी धुरवायची पद्धत जगात इतर ठिकाणीही आहे. आत्याचा नातू नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. तिकडं सणाला डुकराची अख्खी मांडी मिठाच्या पाण्यात मुरवतात, लाकडाच्या धुरावर तासन्‌तास धरतात, आणि वरून साखरेचा किंवा मधाचा पाक लावून चकाकी आणतात. त्यानं फोनवर तो प्रकार दाखवला तेव्हा आत्या हसून म्हणाली, "ही तर आईची काकवी." पाक तिकडंही शेवटीच लावतात. साखर सगळीकडं सारखीच करपते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. आज्जीनंतर चूल आईकडं आली. तिनं तीसेक वर्षं त्याच चुलीपुढं बसून, फुंकणीनं फुंकून सैपाक केला. 1980 नंतरच्या काळात सरकारनं निर्धूर चुली दिल्या, तशी आमच्याकडंही बसवली. तिच्या नळीत काजळी साठली, ती बाहेर पडेना, आणि एका पावसाळ्यात चूल फुटली ती फुटली. पुन्हा जुनं ते जुनं. आईचे डोळे सारखे लाल. पहाटे खोकला. घरात कुणी त्याला आजार म्हणत नव्हतं, चुलीपुढच्या बाईला खोकला असायचाच.

पन्नाशी ओलांडल्यावर तिला धाप लागायला लागली. पाण्याची घागर घेऊन उंबरा चढता येईना. साताऱ्याला एका डॉक्टरांकडं नेली. त्यांनी फोटो पाहिला, नळीत फुंकायला लावलं, आणि आईला विचारलं, "मावशी, बिडी किती वर्षं ओढता?"

आईनं पदर तोंडाला लावला आणि हसली. हसता हसता खोकली. म्हणाली, "डाक्टर, मी न्हाई ओढत. चूल ओढती."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की लाकूड आणि गोवरीच्या धुरानं फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या आवळतात, बिडीवाल्याच्या होतात तशाच. औषधानं आराम पडेल, गेलेलं परत येणार नाही. परत येताना एस.टी.त मी आढ्यावरच्या त्या तारेचा विचार करत होतो. जो धूर सागुतीचं पाणी शोषून तिला टिकवत होता, तोच खाली बसलेल्या बाईच्या छातीत जात होता. आम्ही सागुतीसाठी वेगळं सरपण कधी जाळलं नाही. धूर होताच, तो फुकट होता, असा घरातल्या सगळ्यांचा हिशेब. त्या हिशेबात आईची छाती कुणी धरली नव्हती.

त्याच महिन्यात घरात गॅस आला. 2016 साली उज्ज्वला योजना आली आणि भावकीतल्या बाकीच्या घरांतही शेगड्या पोचल्या. सिलिंडर महागला की अजूनही काही घरांत चूल पेटते, पण ती बहुधा पडवीत, नाहीतर अंगणात. आमची आतली चूल आम्ही मोडली. काळ्या झालेल्या तुळया चुन्यानं रंगवल्या. दोन पावसाळ्यांत काजळी पुन्हा पिवळी होऊन बाहेर आली, ती अजून तशीच आहे.

सागुती बंद झाली. आठ-दहा वर्षं घरात कुणी तिचं नावही काढलं नाही. मग एका चैत्रात आत्याच म्हणाली, की मरायच्या आधी एकदा ती चव घ्यायची आहे. मी मळ्यात बांधावर सोय केली. खाद्यतेलाचं दोनशे लिटरचं जुनं बॅरल आणलं, आत विस्तव करून एकदा चांगलं जाळून घेतलं. औषधाचं किंवा रंगाचं बॅरल कधीही घेऊ नये. त्याच्यापासून चार-पाच हातांवर खड्डा खणून त्यात चूल केली आणि दोन्हींच्या मधे सिमेंटचा पाइप जमिनीत पुरला. धूर त्या पाइपातून येता येता निवतो आणि बॅरलमध्ये चढतो, मांस भाजत नाही. वर पोत्याचा ओला तुकडा. बाभळीच्या ढलप्या आणि मक्याची बुरकुंडं घालतो. प्लायवुड, रंगवलेलं लाकूड, टायर असलं काहीही नाही. मीठ-हळदीचं माप आज्जीचंच. फक्त मीठ लावलेल्या पट्ट्या आता रातभर फ्रीजमध्ये राहतात, आणि खायच्या आधी कुकरमध्ये पूर्ण शिजवतो.

विस्तवाकडं मी आणि पोरगा बघतो. घरातल्या बायकांना तिकडं काम नाही, एवढा एक नियम मी केला आहे. आईला खुर्ची टाकून देतो, वारा येतो त्या अंगाला, लांब. तिथनं ती सूचना करते, "आता ढलपी घाल. झाक टाक. लई जाळ केलास."

पहिल्या वर्षी पट्टी तयार झाली तेव्हा आईनं तुकडा चावून पाहिला. बराच वेळ चघळला. मग म्हणाली, "चव तर भायेर बी तीच येतीया. मग इतकी वर्सं आमी आत कशापायी धुपत हुतो?"

त्याची कारणं मला माहीत होती. पावसाळा होता, घर एकच खोलीचं होतं, सरपण कोरडं राहायला आतच लागायचं, दिवाही त्याच विस्तवावर लागायचा. पण ती सगळी कारणं तिला माझ्याहून जास्त माहीत होती, आणि तिनं मला कारण विचारलं नव्हतं.

यंदाही आखाडाला आत्या येणार आहे. बाभळीच्या ढलप्या फोडून बांधावर रचून ठेवल्या आहेत, वर पत्रा टाकलाय. काकवी मात्र चांगली मिळायला हवी. हल्ली बाटलीतली पातळ असते, ती मांसावर धरत नाही, ओघळून जाते. गुऱ्हाळावर स्वतः उभं राहून, कढईतून पाक पडायच्या थोडं आधी काढून घेतलेली आणावी. कराडकडच्या मामाचा मुलगा अजून गुऱ्हाळ लावतो, माघातच त्याच्याकडनं दोन बाटल्या आणून ठेवल्या आहेत.