चारशे पन्नासची वही

भंगारवाल्यानं जुनं कॅबिनेट उपडं केलं आणि प्रोसेसरची पाटी अंगणात पडली. बी-२१ पिनवर सेलोटेपचा नखाएवढा तुकडा अजून चिकटलेला, पिवळा पडलेला. पाटी मी ठेवून घेतली, बाकीचं त्यानं तोललं.

सेलेरॉन ३००-ए. इंटेलनं १९९८ च्या ऑगस्टात काढलेला स्वस्तातला माल. गुणक ४.५ ला कुलूपबंद, पण ती एक पिन झाकली की मदरबोर्ड ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झची बस देई आणि तीनशेचा चारशे पन्नास होई. पुण्याच्या चुलतभावाकडे अस्सल पेंटियम टू ४५० होता. ‘तुमचा जुगाड’ हे त्याचे शब्द मला अजून डाचतात.

४५० वर मशीन सुरू होई. भिलाईच्या मे महिन्यात भर दुपारी ते टिकणं निराळं. मर्सेन मूळसंख्या शोधणारा प्राइम९५ मी टॉर्चर टेस्टवर लावून ठेवी. विंडोज मजेत चाललेलं असे आणि प्राइम९५ मात्र कुरकुरे: राउंडिंग ०.५, अपेक्षित ०.४ हून कमी. म्हणजे गणित चुकलं.

बाबा ब्लास्ट फर्नेसवर होते. कॉम्प्युटरचं त्यांना काही कळत नसे, उष्णतेचं सगळं कळे. भट्टीत गरम हवा सोडणाऱ्या तांब्याच्या तोट्यांत सतत पाणी खेळवावं लागतं, नाहीतर तांबं जागेवर वितळेल, असं सांगत त्यांनी हीटसिंकला उलटा हात लावला. “बिघडतं केव्हा?” एवढंच विचारलं आणि शिफ्टच्या लॉगसारखी वही आखली: वेळ, खोलीचं तापमान, व्होल्टेज, शेरा. कूलरचं तोंड कॅबिनेटकडे वळवायला मात्र साफ मनाई, ओलावा नको म्हणून.

भिलाईचा पोलाद कारखाना रशियनांनी उभारून दिलेला. करार १९५५ चा, पहिली भट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. पुण्याच्या सी-डॅकचा परम ८०००, ट्रान्सप्युटर चिपा जोडून केलेला, १९९१ मध्ये मॉस्कोत बसला हे मी वाचून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, “चला, थोडी उधारी फिटली.” वहीशी याचा काही संबंध नाही, पण ते त्या दिवशी फार खुशीत होते.

वहीनं उलटंच दाखवलं. चुका पहाटेच्या गारव्यातही होत होत्या. दोष गरमीचा नव्हताच, मेमरीचा होता. पीसी-१०० म्हणून गळ्यात मारलेली पट्टी ६६ ची, वर नवं स्टिकर. दुकानदार शेवटपर्यंत “चलता है” म्हणत राहिला. त्याला मी माफ केलेलं नाही. पट्टी बदलली आणि मशीन मेची दुपार न कुरकुरता काढू लागलं.

वही तिथं संपत नाही. पुढच्या पानांवर तेच रकाने, तेच अक्षर, फक्त व्होल्टेजच्या जागी आईचं बीपी. सकाळ, दुपार, रात्र. शेऱ्यात ‘मीठ जास्त’, ‘भाऊजी आले होते’. एका नोंदीपुढे आकडेच नाहीत. तिथं आईनं स्वतः पेन घेऊन लिहिलंय: “मी काय तुमची भट्टी आहे?”