समंदर

आम्ही मोताळ्याला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एका हिवाळ्यात आठवीला गझल शिकवताना 'समंदर' हा शब्द आला. मुलांना वाटले, दर्या. आम्ही लुगत उघडून मोठ्या ऐटीत सांगितले, "इथे दर्या नाही बेटा. हा आगीत राहणारा प्राणी. दिसायला पालीसारखा. आग त्याला जाळत नाही." शायर स्वतःला समंदर का म्हणवतो, तेही रंगवून सांगितले.

तिसऱ्या दिवशी एक मुलगा मान खाली घालून उभा राहिला. "सर, समंदर जळून मेला."

गल्लीतल्या पोरांनी एक सापसुरळी धरून शेकोटीत टाकली होती. ती आगीत कशी राहते, ते त्यांना बघायचे होते. "तुम्हीच सांगितलं होतं ना," तो म्हणाला.

त्या रात्री आम्हाला जेवण गेले नाही. बी.एड. केले, वर्षानुवर्षे भाषा शिकवली, पण त्या शब्दामागचा जीव कधी पाहिला नव्हता. मग विज्ञानाच्या सरांकडून पुस्तके आणून वाचली.

समंदर म्हणजे इंग्रजीतला सॅलॅमँडर, बेडकाचा भाऊबंद. तो ओल्या, कुजक्या लाकडात लपतो. ते लाकूड चुलीत घातले की जीव वाचवायला बाहेर पळतो. पाहणाऱ्यांना वाटले, हा आगीतच जन्मला! मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलांत बोलिटोग्लॉसा नावाचे समंदर राहतात. त्यांतल्या लहान जाती करंगळीएवढ्या. त्यांना फुप्फुसे नसतात. ओल्या कातडीतूनच ते श्वास घेतात. कातडी सुकली की श्वास संपला. जंगल तोडले की सावली जाते, ओल जाते आणि तेही जातात. ज्याला आम्ही आगीचा रहिवासी ठरवले, त्याला दुपारचे ऊनसुद्धा सोसत नाही.

भारतात समंदर दार्जिलिंगकडे आणि ईशान्येच्या डोंगरांत सापडतो. महाराष्ट्रात तो नाही. मात्र सह्याद्रीत त्याचा बिनपायांचा चुलता आहे, देवगांडूळ. तोही ओल्या मातीत राहतो, आणि साप समजून मारला जातो.

सोमवारी वर्गात आम्ही हे सगळे सांगितले. सापसुरळीच्या मरणाची जबाबदारी पोरांची नाही, आमची आहे, हेही सांगितले. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, मग शायर खोटं बोलला?"

"नाही बेटी. शायर आपल्या दिलाविषयी बोलला. जनावराविषयी आम्ही बोललो, आणि न पाहता बोललो."