कार्तिकात वाईला

दिवाळी संपली आणि दुसरे सत्र सुरू व्हायला आठ दिवस उरले, तेव्हा आईला घेऊन वाईला जायचे ठरवले. शरद ऋतू आपल्याकडे तसा उपेक्षितच आहे. पावसाळ्याच्या वाट्याला सहली येतात, उन्हाळ्याच्या वाट्याला थंड हवेची ठिकाणे. अश्विन-कार्तिकाच्या वाट्याला सण येतात आणि सणांच्या गडबडीत ऋतू पाहायचा राहून जातो. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. चढउतार नको, धावपळ नको, 'हे पाहिले, ते राहिले' असा हिशेब तर नकोच. एका स्नेह्यांचे गणपती आळीतील जुने घर रिकामे होते; नदी तेथून चार-पाच मिनिटांवर. चार रात्री राहायचे, सकाळी मी बाहेर फिरून यायचे आणि दुपारी दोघींनी घरात बसून वाचायचे, एवढाच बेत होता.

वाचायचे म्हणजे मी वाचायचे आणि तिने ऐकायचे. गेल्या तीन वर्षांत आईच्या दोन्ही डोळ्यांतील दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजत गेला आहे. या विकाराची रीत चमत्कारिक आहे. कडेचे दिसते, पण ज्याच्याकडे पाहावे, नेमके तेच दिसत नाही. दाराची चौकट दिसते, दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. जन्मभर वाचनालयातून पुस्तके बदलून आणणाऱ्या बाईच्या हातून पुस्तक सुटले. तिने त्याची तक्रार केल्याचे मला आठवत नाही. आणि तक्रार नाही म्हणून मीही फारसे काही केले नाही, हे येथे लिहिले पाहिजे.

पहिल्या दिवशी पहाटे कुठल्याशा देवळातून काकड आरतीचे सूर आले. कार्तिक संपेपर्यंत ते रोज येणार होते. शाल गुंडाळून मी घाटावर गेले, तासाभराने परतले. आई माजघरात गोधडी पांघरून चहाची वाट पाहत बसली होती.

"काय काय पाहिलंस?"

"नदी फार सुंदर दिसत होती गं. धुकं होतं. अगदी प्रसन्न वाटलं."

"सुंदर म्हणजे कशी?"

मला उत्तर सुचेना. मग मी माहितीचा आधार घेतला. ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. नदीला पूर आला तर पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून त्याची मागील बाजू मत्स्याकार ठेवलेली आहे, वगैरे. आईने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हे तू पाहिलंस, की वाचलंस?"

वाचले होते. घाटावर मी त्या देवळासमोर दहा मिनिटे उभी होते, पण मागे गेले नव्हते. जाण्याची गरज वाटली नाही, कारण मागे काय आहे ते मला ठाऊक होते.

प्रश्न साधा होता, पण दिवसभर मनातून गेला नाही. वीस वर्षे मी वर्गात निसर्गवर्णन शिकवते आहे. प्रतिमा, संवेदना, ऋतुचित्रण हे शब्द मी किती सहज उच्चारते! विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत तितक्याच सहजपणे उतरवतात आणि मी गुण देते. या व्यवहारात नदीला जाऊन येण्याचा प्रसंग कोणावरच येत नाही. आणि हे उमगावे तेही वाईसारख्या गावात. मराठी विश्वकोशाचे काम याच गावात बसून झाले; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. साऱ्या जगाचे ज्ञान येथे वर्णानुक्रमे लावले गेले. त्या कामाबद्दल मला अपार आदर आहे. पण 'नदी' ही नोंद वाचून झाली की नदी पाहून झाली, असे कोशकारांनी कधी म्हटलेले नाही. ती समजूत आम्हा वाचणाऱ्यांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जवळजवळ अभ्यासाला बसावे तशी घाटावर बसले. आईला काय सांगायचे, हा एकच विचार. विशेषणे मनाशीच बाजूला ठेवली, तेव्हा उरलेले दिसू लागले. धुके नदीवर सगळीकडे नव्हते. पाण्यापासून हातभर उंचीवर त्याचा एक थर होता आणि पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बाईचे पाय त्यात बुडलेले होते. धोपटण्याचा आवाज तिचा हात खाली आल्यानंतर क्षणभराने ऐकू येत होता. पायऱ्यांवर धोबी पक्षी आला होता, हिवाळ्यापुरता येणारा पाहुणा. दोन पावले धावायचा, थांबायचा, शेपटी वरखाली करायचा. देवळाच्या मागे गेले. दगडी बांधणी खरोखरच मागे निमुळती होत गेली होती. एका सांध्यात पावसाळ्यात वाहून आलेले वाळके गवत आणि लाल चिंधी अडकून राहिली होती, माझ्या खांद्याच्या उंचीवर.

"खांद्याच्या?" आई म्हणाली. "म्हणजे पाणी तिथवर आलं होतं." आणि मग ती बराच वेळ तिच्या माहेरच्या नदीच्या पुराविषयी बोलत राहिली. मी ते पूर्वी कधीच ऐकले नव्हते.

मग दिवसांना आपोआप लय आली. शरदातले ऊन दहा वाजेपर्यंत अंगावर घ्यावेसे वाटते. दुपारी मात्र त्याला अशी तल्खी येते की जाड भिंतींच्या आत बसण्यासारखे सुख नाही. भाकरी, वांग्याचे भरीत असे जेवण झाले की खिडकीचे एक दार लोटून घ्यायचे आणि वाचायचे. मी दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' नेले होते. १९५६ सालचे हे पुस्तक मी अनेकदा वाचले, पण मोठ्याने कधी वाचले नव्हते. अश्विन आणि कार्तिक एवढेच लेख घेतले, एकेका परिच्छेदावर थांबत. आई मध्येच म्हणाली, "ही बाई पाहून लिहिते." समीक्षेत याहून लांब वाक्ये मी वाचली आहेत आणि लिहिलीही आहेत.

तिसऱ्या दिवशी मेणवलीला गेले. वाटेवर हळदीची शेते होती, पाने कमरेच्या वर आलेली, काही कडेने पिवळी पडू लागलेली. नाना फडणविसांचा वाडा, घाट आणि वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर मराठ्यांच्या हाती आलेली ती घंटा पाहिली. एक कुटुंब 'स्वदेस' या २००४ सालच्या चित्रपटातील जागा शोधत होते. जागा सापडली की छायाचित्र घ्यायचे आणि पुढे जायचे. मला हसू आले, आणि लगेच ओशाळल्यासारखे झाले. ते चित्रपट पाहून आले होते, मी पुस्तके वाचून. फरक असलाच तर एवढाच की मला घरी जाऊन कोणाला तरी जाब द्यायचा होता.

शेवटच्या संध्याकाळी आई स्वतःच म्हणाली, "मला ने तिकडे." हात धरून सावकाश नेले. देवळापाशी तिने मान किंचित वळवली, डोळ्याच्या कडेने पाहता यावे म्हणून. मग भिंतीला हात लावून ती मागे मागे चालत गेली. मी सोबत होते, पण बोलले नाही. निमुळत्या भागापाशी ती थांबली.

"अजून ऊन आहे यात," ती म्हणाली.

सूर्य केव्हाच डोंगराआड गेला होता. मी हात लावून पाहिला. दगड कोमट होता. चार दिवस त्या भिंतीपाशी रोज जाऊनही हे माझ्या टिपणात नव्हते.

रात्री भावाचा दूरध्वनी आला. आई त्याला सांगत होती, "देऊळ मागून होडीसारखं आहे." त्याने बहुधा विचारले असावे की तुला कसे दिसले. ती म्हणाली, "अर्धं हिनं सांगितलं, अर्धं मी पाहिलं."

दुसरे सत्र आता सुरू झाले आहे. परवा एका विद्यार्थिनीच्या निबंधात 'विलोभनीय सूर्योदय' आला. समासात मी नेहमीची खूण केली नाही; 'कुठून पाहिला?' एवढेच लिहिले. ती अजून उत्तर घेऊन आलेली नाही. मी वाट पाहते आहे.