शेवटची पोळी

आमच्या मेसमध्ये रात्री सव्वानऊनंतर पोचलेल्या माणसाला पोळी मिळेल की नाही, हे साक्षात मेसच्या मामांनाही सांगता येत नाही. भात असतो, आमटी नावाचं पिवळं गरम पाणी असतं, पण पोळी म्हणजे ज्याचं त्याचं नशीब. थर्ड इयर सुरू झाल्यावर अशाच एका रात्री मी आणि माझा रूम पार्टनर रिकामी ताटं घेऊन उभे होतो. मामांनी शेवटची पोळी लांबूनच भिरकावली. पार्टनरने ताट पुढे केलं, मीही केलं, आणि पोळी दोघांच्या मधून थेट फरशीवर!

‘याचा गेम करायचा,’ पार्टनर म्हणाला.

मला वाटलं, मामांचा. पण त्याच्या डोक्यात मोबाईल गेम होता. वरून पोळ्या येणार, खाली ताट, तीन पोळ्या पडल्या की खेळ खलास. नावही तिथेच ठरलं, ‘शेवटची पोळी’.

आता मित्रहो, थर्ड इयरच्या पोरांना ‘आपण अँग्री बर्ड्स काढणार’ असं वाटायला फारसं काही लागत नाही. त्यात पार्टनरने कुठेतरी वाचलेलं, की अँग्री बर्ड्सवाली रोविओ कंपनी २००३ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या तीन विद्यार्थ्यांनी काढली. म्हणजे आपल्यासारखीच पोरं! मी पुढचा भाग वाचला, तो त्याने वाचला नव्हता. डिसेंबर २००९ मध्ये आलेला अँग्री बर्ड्स हा त्यांचा बावन्नावा गेम होता आणि तोपर्यंत कंपनी बुडायला आली होती. ‘म्हणजे अजून एक्कावन्न बाकी,’ मी म्हटलं. त्याने उशी फेकून मारली.

युनिटी शिकणाऱ्यांना फुकट मिळतं, त्यामुळे सुरुवात स्वस्तात झाली. आम्ही काय काय घातलं त्यात! डाव्या कोपऱ्यात जॉयस्टिक, उजवीकडे दोन बटणं, पोळ्यांचे सात प्रकार, मध्येच येणारा व्हिलन (तो कोणासारखा दिसत होता ते इथे लिहीत नाही, हा अंक स्टाफही वाचतो). सुरुवातीला पाच पानांच्या सूचना. सगळं मिळून एकशे चाळीस एमबी.

पहिली टेस्ट मामांवर केली. काही न सांगता फोन त्यांच्या हातात दिला. एका हातात झारा होता, म्हणून त्यांनी फोन दुसऱ्या हातात धरला. म्हणजे खेळायला उरला एक अंगठा. सूचनांची पाचही पानं त्यांनी न वाचता सरकवली. जॉयस्टिककडे तर बघितलंसुद्धा नाही. सरळ ताटाच्या चित्रावर अंगठा ठेवला आणि ओढलं. ताट हललं नाही. ‘बंद पडलाय तुमचा,’ म्हणत फोन परत दिला.

दोन महिन्यांचं काम अकरा सेकंदांत निकालात निघालं! त्या रात्री आम्ही जॉयस्टिक काढला, बटणं काढली, सूचना काढल्या, व्हिलनलाही निरोप दिला. उरलं फक्त ताट आणि अंगठा. दुसऱ्या दिवशी मामा पाच मिनिटं खेळले आणि मग म्हणाले, ‘कडेला लागून पडली ती माझी धरा की.’ हे वाक्य म्हणजे गेम डिझाईनचा अख्खा चॅप्टर आहे. खेळणाऱ्याला जे ‘झेललं’ वाटतं, ते गेमने झेललंच मानायला हवं. म्हणून ताट दिसतं त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडं रुंद आहे, असं आम्ही कोडमध्ये धरून चाललो. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, पण गेम एकदम ‘न्याय्य’ वाटायला लागला. पोळी ताटात पडल्याचा ‘थप्प’ आवाज म्हणजे उलट्या बादलीवर मारलेला ओला टॉवेल. चित्रं आणि आवाज दाबून-दाबून साईज अठरा एमबीवर आणली, कारण होस्टेलच्या वायफायवर त्याहून मोठं काही उतरेपर्यंत माणसाचा विचार बदलतो.

गुगल प्लेवर गेम चढवायचा तर एकदाच पंचवीस डॉलर भरावे लागतात. आमच्या दोघांच्याही कार्डावरून ते जाईनात, शेवटी पार्टनरच्या भावाने भरले. आणि मग दुसरी मेख कळली. नोव्हेंबर २०२३ पासून नवीन वैयक्तिक अकाउंटवाल्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी सलग चौदा दिवस ठराविक टेस्टर टिकवून दाखवावे लागतात. आधी हा आकडा वीस होता, डिसेंबर २०२४ मध्ये तो बारावर आला. बारा माणसं! होस्टेलमध्ये बारा माणसं जमवणं सोपं, चौदा दिवस टिकवणं महाकठीण. नवव्या दिवशी एकजण टेस्टिंगमधून बाहेर पडला आणि मोजणी बोंबलली. दुसऱ्या फेरीला आम्ही शहाणे होऊन पंधरा घेतले. पंधरावे होते आमचे रेक्टर सर. ‘अभ्यासाचं काय?’ असं विचारून त्यांनी इन्स्टॉल केला आणि चौदाही दिवस इमानदारीत ठेवला.

मार्केटिंगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण खिशात काही नव्हतं. मोठ्या कंपन्या जाहिराती देऊन अक्षरशः खेळाडू विकत घेतात. एक खेळाडू आणायला किती खर्च आला आणि तो खेळत असेपर्यंत त्याच्याकडून किती आले, दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असला की घालत राहायचे पैसे. आमचं मार्केटिंग म्हणजे मेसच्या भिंतीवर एक क्यूआर कोड आणि वर ओळ, ‘इथे मिळाली नाही? इथे झेला!’ तो कागद दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे उतरवला गेला. आयकॉनवर मात्र आम्ही भांडलो. त्याला ताट हवं होतं, मला मामांचा रागावलेला चेहरा. कॉरिडॉरमध्ये पोरांना दोन्ही दाखवले, बहुतेकांनी चेहऱ्यावर बोट ठेवलं. (मामांची परवानगी घेतली होती. त्यांची एकच अट, मिश्या नीट काढा.)

एवढं मात्र कळलं, की लोकांना जे आधीच येतं त्याची अर्धी जाहिरात फुकट होते. लुडो किंग बघा. आपल्या नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा हा गेम २०१६ मध्ये आला. आजीपासून नातवापर्यंत कोणालाच नियम शिकवावे लागले नाहीत, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी तोच चालू. सोंगट्या-पचिसीचा देश आपला, शिकवायचं काय?

पहिल्या दोन आठवड्यांत आमचे तीनशे डाउनलोड झाले. मी घरी फोन करून सांगितलं. पार्टनर मात्र गप्प होता, त्याने पुढचा तक्ता उघडलेला. सोमवारी शंभरजणांनी गेम घेतला, त्यातले मंगळवारी किती परत आले, तो डी-वन. सातव्या दिवशी किती आले, तो डी-सेव्हन. धंद्यातला एक जुना ठोकताळा आहे, पहिल्या दिवशी चाळीस, सातव्याला वीस, तिसाव्याला दहा टक्के टिकले तर गेम बरा. आमचा डी-वन एकतीस आणि डी-सेव्हन सहा! त्यातही माझी आई रोज गेम उघडून लगेच बंद करायची, ‘तुझा आकडा वाढू दे’ म्हणून. डाउनलोड म्हणजे अ‍ॅडमिशन. वर्गात कोण बसतं ते वेगळं.

आता पार्टनरचं सांगायला हवं. त्याचं एज्युकेशन लोन आहे आणि पुण्यातल्या एका गेम कंपनीच्या इंटर्नशिपसाठी त्याने अर्ज केला होता. ‘तिथे गेम बनवला म्हणून कोणी विचारत नाही, किती टिकले ते विचारतात,’ तो म्हणायचा. सहा टक्के रेझ्युमेवर लिहिण्यासारखे नव्हते. म्हणून आम्ही दोन गोष्टी घातल्या. एक, पाच ताटं. संपली की अर्ध्या तासाला एक परत मिळणार, ही कँडी क्रशची उघड उघड कॉपी. आणि दोन, ‘हजेरी’. सात दिवस सलग आलात तर चांदीचं ताट, एकवीस दिवसांना सोन्याचं. एक दिवस चुकला की शून्य. ही कल्पना माझी होती. मीच लिहिला तो कोड, एका संध्याकाळी, चहा पीत.

डी-सेव्हन सतरावर गेला. आम्ही टपरीवर जाऊन बनमस्का खाल्ला. आयुष्यात माझा कुठलाच आलेख इतका सरळ वर गेला नव्हता.

आलेखात एक गंमत होती. रात्री साडेआठ ते नऊ उंचवटा, तो मेसच्या रांगेचा. पण अलीकडे रात्री दोन-तीनच्या सुमाराला बारीक बारीक टोकं दिसायला लागली होती, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने. आम्हाला वाटलं, कोणीतरी अमेरिकेतला मराठी माणूस खेळतोय. खूश झालो.

मग एका रात्री अडीचला मी पाण्याची बाटली भरायला उठलो. कूलरपाशी फर्स्ट इयरचा एक पोरगा उकिडवा बसला होता. आम्ही त्याला ‘हायस्कोअर’च म्हणायचो. फोनचा अलार्म वाजला, त्याने तो बंद केला, गेम उघडला, एक ताट खेळला, हरला आणि पुढचा अलार्म लावला. तीनचा. रूममधल्यांची झोप मोडते म्हणून तो बाहेर बसत होता.

‘अरे, उद्या तुमची एम-वनची टेस्ट आहे ना?’

‘हो दादा. पण एकोणीस दिवस झाले. आणि हजेरी नुसती टिकवून चालत नाही, दुसरा नंबरपण जातो.’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘सॉरी दादा.’

तो मला सॉरी म्हणत होता!

सकाळी तो टेस्टला पोचला नाही. झोपून राहिला. मी पार्टनरला म्हटलं, हजेरी काढून टाकू. तो म्हणाला, ‘कॉलेज पंचाहत्तर टक्क्यांसाठी डिटेन करतं, ते चालतं?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी फ्लॅपी बर्ड काढला. हनोईच्या डोंग न्गुयेनने मे २०१३ मध्ये तो गेम सोडला, जानेवारी २०१४ मध्ये तो जगभर पहिल्या नंबरवर गेला, जाहिरातींतून रोज पन्नास हजार डॉलर मिळतात असं त्याने स्वतः सांगितलं होतं, आणि फेब्रुवारीत त्याने गेम स्टोअरवरून काढून टाकला. लोकांना त्याचं व्यसन लागलं म्हणून काढला, हेही त्यानेच सांगितलं. पार्टनर म्हणाला, ‘मलाही रोजचे पन्नास हजार डॉलर मिळू देत, मीही काढतो.’ एकच उदाहरण, आणि दोघंही त्याने एकमेकांना हरवत होतो.

पाच दिवस आम्ही बोललो नाही. दहा बाय बाराच्या खोलीत न बोलणं म्हणजे काय, ते होस्टेलवाल्यांना सांगायला नको. त्या पाच दिवसांत मी एक विचार केला. १९९७ मध्ये नोकिया ६११० वर जो स्नेक आला, तो बाबा लोक अजून आठवतात. त्याला ताटं नव्हती, हजेरी नव्हती. फोन एकदा विकला गेला की तुम्ही स्नेक रोज खेळता की कधीच नाही, हे नोकियाला कळतही नव्हतं आणि त्यावर त्यांचं पोटही नव्हतं. आमचा गेम फुकट आहे, म्हणून त्याला तुम्ही परत यायला हवे असता. मोजता येतं म्हणून वाढवावंसं वाटतं. सतरा हा आकडा मलाही आवडला होता, हे कबूल करायला पाहिजे. पोरगा कूलरपाशी दिसला नसता तर मी एकविसासाठी अजून काहीतरी घातलं असतं.

सहाव्या दिवशी पार्टनर सकाळी उठून म्हणाला, ‘मेस रात्री बंद असते की नाही?’

बस्स. रात्री अकरा ते सकाळी सात ताटं भरायची बंद केली. गेम उघडला तर मामांचा झोपलेला चेहरा आणि पाटी, ‘मेस बंद आहे’. हजेरी चुकली तरी शून्य होत नाही, होती तिथेच थांबते. डी-सेव्हन सतरावरून दहावर उतरला. पार्टनरने तक्ता बघितला, लॅपटॉप बंद केला आणि अंघोळीला गेला.

इंटरव्ह्यूला त्याने दोन्ही आकडे सांगितले. समोरच्याने विचारलं, ‘आमच्याकडे असतास तर कोणता ठेवला असतास?’ तो काय म्हणाला, ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही. निकाल पुढच्या आठवड्यात आहे.

‘हायस्कोअर’ची टेस्ट त्याच्या सरांनी पुन्हा घेतली, काठावर सुटला. परवा तो रूमवर आला, दार लोटून उभा राहिला.

‘दादा, एक बग आहे. फोनचं घड्याळ पुढे केलं की मेस उघडते.’

‘कधी कळलं तुला?’

‘पहिल्याच रात्री,’ तो म्हणाला. ‘तेव्हा सांगितलं नाही.’

पार्टनरने न बोलता लॅपटॉप उघडला. वेळ आता सर्व्हरवरून घ्यावी लागेल.