बल्ब बदलण्याआधी अर्थिंग बघा

लातूरहून नांदेडला यायचे म्हणजे चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळेगाव, लोहा अशी गावे मागे टाकत सुमारे १४० किलोमीटर यायचे. आता हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. दिवसा तो सरळ वाटतो. पण साखर कारखान्यांचा हंगाम लागला की दिवेलागणीनंतर त्याच रस्त्यावर उसाने शिगोशीग भरलेल्या जोडट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. त्यातल्या कितीतरी वाहनांना मागे लाल दिवा नसतो. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा कडेने माणसे आणि जनावरेही चालत असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. समोरची ट्रॉली एक सेकंद उशिरा दिसली, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

माझ्याकडची गाडी वडिलांनी १९९८ साली घेतलेली. एमएच-२४, म्हणजे लातूरची पासिंग. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओत तपासणी करून तिची नोंदणी पुढे वाढवली आणि नियमाप्रमाणे दर पाच वर्षांनी ती वाढवत आलो. इंजिन आजही ठणठणीत आहे. मुलगी बारावीसाठी लातूरला असल्यामुळे सुटीच्या दिवशी तिला भेटून संध्याकाळी नांदेडला परतायचे, असा माझा क्रम होता. त्याच काळात उजवीकडचा हेडलाइट पिवळा पडू लागला.

पिवळा म्हणजे अगदी मरगळलेला. डावा दिवा पांढरा पडायचा, उजवा कंदिलासारखा. गाडी खड्ड्यात आपटली की उजवा आणखी मंद व्हायचा आणि त्याच वेळी एक विचित्र गोष्ट घडायची. डिप्पर लावलेला असतानाही डॅशबोर्डवरची अप्परची निळी खूण फिकट उजळायची. लातूरच्या एका गॅरेजात बल्ब बदलून झाला. दुसऱ्या ठिकाणी स्टिअरिंगखालचा स्विच बदलला. तिसऱ्याने सांगितले, "सर, १००/९० चा बल्ब टाका, दिवसासारखा उजेड पडेल." उजेड मात्र होता तसाच राहिला.

शेवटी नांदेडला देगलूर नाक्याच्या बाजूला काम करणाऱ्या एका वयस्कर वायरमनकडे गाडी नेली. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. मी निळ्या खुणेचे सांगितले, तसे ते म्हणाले, "सर, आता बल्बला हात लावू नका. अर्थ गेली आहे. पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका, मीटर लावून बघू."

ती निळी खूण का उजळत होती, हे त्यांनी बॉनेटवर बोट फिरवत समजावले. या गाडीत एच-फोर जातीचा हॅलोजन बल्ब आहे. एकाच काचेत दोन तारा असतात, अप्परची ६० वॅटची आणि डिप्परची ५५ वॅटची. दोघींची अर्थ मात्र एकच. ती सामाईक अर्थ तुटली की डिप्परच्या तारेतून आलेल्या करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो त्याच बल्बच्या अप्परच्या तारेतून उलटा शिरतो, अप्परच्या वायरने डाव्या दिव्याकडे जातो आणि तिकडच्या अर्थवर पोचतो. वाटेत तीन तारा एकामागे एक लागल्यामुळे कोणीच नीट पेटत नाही आणि अप्परच्या वायरला जोडलेली निळी खूण मात्र थोडी उजळते. सगळी लक्षणे एका सुतात बसली.

मग मीटर बाहेर निघाला. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट. इंजिन चालू करून दिवे लावल्यावर १३.९. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही चांगले. अल्टरनेटर कमजोर किंवा त्याचा पट्टा सैल असता, तर दोन्ही दिवे मंद झाले असते आणि रेस दिल्यावर दोन्ही उजळले असते. इथे एकच दिवा रुसला होता.

पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बऱ्याच ठिकाणी बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर टेस्ट लॅम्प लावतात, तो पेटला की वायरिंग ठीक आहे असे ठरवतात. टेस्ट लॅम्प फार थोडा करंट घेतो, हेडलाइटला मात्र चार-पाच अँपिअर लागतात. शेतातल्या ठिबकच्या नळीत कचरा अडकला असला, तरी कॉक बंद असताना दाब पूर्ण दिसतो आणि कॉक उघडला की पाणी थेंबथेंब येते, तसेच हे आहे. म्हणून मोजायचे ते दिवा पेटलेला असताना, होल्डर बल्बला जोडलेला ठेवून, मागच्या बाजूने मीटरची टोके घालून.

चाचांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे उजव्या होल्डरच्या अर्थ पिनेला लावले. तिथे जवळजवळ शून्य यायला हवे होते, आले २.३ व्होल्ट. मग बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून होल्डरच्या पॉझिटिव्ह पिनेपर्यंत मोजले, १.१ व्होल्ट. म्हणजे १३.९ पैकी ३.४ व्होल्ट वाटेतच गळत होते आणि बल्बला मिळत होते जेमतेम १०.५. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने पडतो. व्होल्टेज दहा टक्के घटले की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. एच-फोरचा उजेड १३.२ व्होल्टवर मोजून ठरवलेला असतो. त्या हिशेबाने माझा उजवा दिवा निम्म्याहूनही कमी उजेड देत होता, आणि तोही रस्ता सपाट असताना. खड्ड्यात अर्थ पूर्ण सुटायची तेव्हा तोही नाही.

निदान पक्के करायला चाचांनी वायरचा एक तुकडा घेतला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरे होल्डरच्या अर्थ पिनेवर. दिवा त्या क्षणी पांढरा झाला. वायर काढली की पुन्हा पिवळा.

दोष सापडला तो रेडिएटरच्या शेजारी, पत्र्यावर कसलेल्या एका छोट्या बोल्टाखाली. काही वर्षांपूर्वी पुढून डेंटिंग-पेंटिंग झाले होते. तेव्हा पत्र्यावर रंग मारून त्या रंगावरच अर्थची थिंबल कसली गेली होती. रंग म्हणजे इन्सुलेशनच. बोल्टाच्या आट्यांमधून जेवढा करंट जाईल तेवढा जात होता, आणि पावसाळ्यांनी तिथे गंज धरल्यावर तोही अडला. थिंबलमधली तांब्याची वायर हिरवी पडली होती. चाचांनी पॉलिश पेपरने पत्रा उघडा होईपर्यंत घासला, काळी पडलेली वायर मागे कापून नवी थिंबल दाबली, दातेरी वायसर घालून बोल्ट कसला आणि वरून व्हॅसलीन लावले, ओल शिरू नये म्हणून.

उरलेले १.१ व्होल्ट पॉझिटिव्ह बाजूला जात होते. जुन्या गाडीत दोन्ही दिव्यांचा मिळून नऊ-दहा अँपिअर करंट फ्यूजबॉक्स, स्विच आणि कपलर असा फिरून येतो. फ्यूजच्या पकडी सैल होतात, कपलरचे प्लास्टिक तापून तपकिरी पडते. त्यावर उपाय म्हणजे रिले. बॅटरीजवळच फ्यूज घालून अडीच एमएमची जाड वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून थेट दिव्याकडे. ८५ आणि ८६ वर रिलेची कॉइल. मूळ स्विच फक्त ती कॉइल चालवतो, त्यामुळे त्याच्यावर भार राहत नाही. डिप्परला एक आणि अप्परला एक, असे दोन रिले बसले. काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्ह बाजूला असतो, काहींत निगेटिव्ह बाजूला, म्हणून रिले जोडण्याआधी मीटरने खात्री करून घ्यावी लागते. काम झाल्यावर दोन्ही बल्बवर १३.४ व्होल्ट आले. बल्ब तेच, ६०/५५ चे.

१००/९० च्या बल्बविषयी चाचांचे मत ठाम होते आणि आता माझेही तसेच आहे. ती जोडी अप्परवर सोळा-सतरा अँपिअर ओढते. जुनी वायर तापते, होल्डर वितळतो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. त्याहून वाईट म्हणजे फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या जागी तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद घालणे. फ्यूज उडतो तेव्हा कुठेतरी वायर सोलली गेलेली असते, बहुतेक वेळा पत्र्याला घासून, नाहीतर उंदराने कुरतडून. ती जागा न शोधता फ्यूज बुजवणे म्हणजे गाडी पेटायची वाट बघणे आहे.

विजेचे काम उरकल्यावर संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून चाचांनी फोकसही बसवून दिला, कारण उजेड पुरेसा असूनही तो झाडाच्या शेंड्यावर पडला तर उपयोग नाही. रिफ्लेक्टरची चंदेरी उडाली असेल किंवा काच आंधळी झाली असेल, तर मात्र कितीही व्होल्ट दिले तरी रस्ता दिसत नाही. तिथे हेडलाइटच बदलावा लागतो. माझ्या गाडीत ती वेळ आली नाही.

मराठवाड्यात वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या अजून घराघरांत आहेत आणि त्या नीट राखल्या तर भरवशाच्या आहेत. दिवा मंद झाला तर दुकानात जाऊन आधी बल्ब मागू नका. दिवा पेटलेला असताना अर्थच्या बाजूला आणि पॉझिटिव्हच्या बाजूला किती व्होल्ट गळतात ते मोजायला सांगा. कोणत्याही एका बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले, तर दोष तिथे आहे. या तपासणीला दहा मिनिटेही लागत नाहीत. उसाचा हंगाम सुरू होण्याआधी ती एकदा करून घ्याच.